परवाना पूर्ण, पैसे पंच्याऐंशी

अमेरिकेत गुडघा बदललेल्या आजोबांना पहिल्या दिवशी फिजिकल थेरपिस्ट तपासतो आणि व्यायामाचा आराखडा लिहून देतो. पुढचे कष्ट बऱ्याचदा सहाय्यकाच्या, म्हणजे 'पीटीए'च्या वाट्याला येतात. आजोबांच्या कमरेला पट्टा बांधून त्यांना उभं करायचं, वॉकरने चालवायचं, गुडघा किती अंशांत वाकतो ते मोजायचं आणि 'अजून पाच वेळा' म्हणून शिव्या खायच्या.

ही मंडळी कुणाच्या ओळखीने चिकटलेली नसतात. आधी 'कॅप्टी' या संस्थेची मान्यता असलेला, साधारण दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा अभ्यासक्रम. त्यात शरीररचना आली, दवाखान्यातलं प्रत्यक्ष कामही आलं. मग राष्ट्रीय परीक्षा. गुणांची पट्टी २०० ते ८००, उत्तीर्ण व्हायला ६००. बारा महिन्यांत तीनच प्रयत्न आणि उभ्या जन्मात सहा. खुल्या गटातून यूपीएससी देणाऱ्यांनी इथे आवंढा गिळावा. एवढं करून परवाना मिळतो तो एकाच राज्याचा. काही राज्यं कायद्याचा वेगळा पेपरही घेतात. म्हणजे घरमालक बदलला की पोलीस पडताळणी नवी, तसंच!

परवाना मिळाला तरी पहिली तपासणी करायची नाही आणि आराखडा आपल्या मनाने बदलायचा नाही. ठीक आहे, कामाला हद्द हवीच. पण वरची पायरी? थेरपिस्टची शिडी तिकडे डॉक्टरेटपर्यंत चढली, सहाय्यकाची असोसिएट डिग्रीवरच राहिली. वीस वर्षं रुग्ण चालवलेल्या सहाय्यकालाही थेरपिस्ट व्हायचं तर डॉक्टरेटचीच वाट धरावी लागते. मधला पूल बांधून देणारी विद्यापीठं बोटांवर मोजण्याइतकी. अनुभव दांडगा असला तरी क्रेडिटमध्ये धरत नाहीत.

खरी गंमत बिलात आहे. ज्येष्ठांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर. बाह्यरुग्ण उपचारात सहाय्यकाचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या वर गेला की बिलावर 'सीक्यू' ही खूण करावी लागते. १ जानेवारी २०२२ पासून अशा खुणेच्या बिलाला मेडिकेअर आपल्या वाट्याचे ८५ टक्केच देतं. आजोबांनी भरायचा २० टक्के हिस्सा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे काटकसर सरकारची, शिव्या सहाय्यकाला, आणि आजोबांना सवलत शून्य! सहाय्यकाचा हात पुरेसा भरवशाचा नसेल तर त्याला परवाना देता कशाला? आणि भरवशाचा असेल, तर पंधरा टक्के कापता कशाचे?

आपण मात्र हसायची घाई करू नये. आपल्याकडे थेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आहे, पण पडद्याआड कंबरेला पॅड चिकटवून, मशीनचं बटण फिरवून 'मुंग्या आल्या की सांगा' म्हणत निघून जाणारा पोरगा कुठे शिकला, हे विचारायची पद्धत नाही. विचारलंच तर उत्तर मिळतं, 'सरांनी दाखवलंय.' ना परीक्षा, ना परवाना. बिल तेवढं शंभर टक्के, तेही सरांच्या नावाने.