शिट्टीवाले सर

साताऱ्याचं शाहू क्रीडा संकुल असो की सांगलीचं एखादं मैदान, पहाटे साडेपाचला जा, सर भेटणारच. अंगात जुन्या राज्य स्पर्धेचा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, घसा कायमचा बसलेला. "गुडघा वर घे की लेका! अजिंक्यताऱ्यावर फिरायला आलायस व्हय?" ही त्यांची भूपाळी.

प्रत्येक सबबीवर सरांकडे एक नाव तयार. घरची गरिबी सांगितली, की सांगलीच्या पानटपरीवाल्याचा पोरगा संकेत सरगर, 2022, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, वेटलिफ्टिंगचं रौप्य. "पाय दुखतात" म्हटलं, की माणदेशातली ललिता बाबर, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत. "अजून लहान आहे" म्हणणाऱ्या आईला साताऱ्याची अदिती स्वामी, सतराव्या वर्षी, 2023 ला बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती. त्यातूनही कुणी कुरकुरला, तर गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं पदक. त्यापुढे अपील नाही.

सरांचं वर्ष शालेय स्पर्धांचं पत्रक आलं की सुरू होतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. काखोटीला जन्मदाखले आणि बोनाफाईडची फाईल. चौदा वर्षांखालच्या गटातल्या गड्याला मिसरूड फुटली, की पंचांच्या आधी सरांनाच घाम फुटतो. मग एसटीचा प्रवास. कंडक्टर पायानं पिशवी सरकवायला जातो आणि कळवळतो.

"काय दगडं भरलीत काय?"

"गोळा आहे, पाच किलोचा."

"आन् ही काठी?"

"भाला. जिल्ह्यात पहिला आलाय."

"भाला आला न्हवं? मग त्याचंबी तिकीट काढा."

पालकांचा हिशेब सरळ असतो. पोरगा जिंकला की खेळ आमच्या रक्तातच; हरला की सरांचं लक्ष नव्हतं. दहावीच्या वर्षी "खेळानं पोट भरत नाही" म्हणून पोराला मैदानावरून ओढून नेणारे वडीलच पुढे सवलतीच्या गुणांचा फॉर्म घेऊन सरांचं घर शोधत येतात. सर सही करतात, वर चहाही पाजतात.

मग एक दिवस पाच टक्के क्रीडा आरक्षणातून पोलिसात लागलेला जुना विद्यार्थी कंदी पेढे घेऊन येतो, वाकून पाया पडतो. सर त्याला नखशिखांत न्याहाळतात. "पोट सुटलंय तुझं. दोन राऊंड मार, मग पेढा." आणि तो फौजदार बूट घालूनच पळतो. सरांची एवढीच कमाई, पण त्या दिवशी ते घरी शीळ घालत जातात.

यशाची बातमी पेपरात येते, तेव्हा अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक या सगळ्यांनी नावानिशी अभिनंदन केलेलं असतं. मार्गदर्शन मात्र नुसतं 'क्रीडाशिक्षकांचे' लाभलेलं असतं. पालकहो, पुढच्या वेळी बातमी द्यायला जाल, तेव्हा सरांचं नाव आडनावासकट लिहून द्या. आणि पहिल्या ओळीत द्या. शेवटच्या ओळी जागेअभावी कापल्या जातात.