मानाची सेडान, कामाची ईको

गणपती जवळ आले की आमच्या सवमध्ये, म्हणजे महाडजवळच्या सावित्रीकाठच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गावात, एक प्रश्न हमखास निघतो. हातात सात-आठ लाख आहेत, जुनी जर्मन सेडान घेऊ की नवी मारुती ईको? विचारणारा मुंबईचा चाकरमानी असतो आणि त्याचं आधीच ठरलेलं असतं. तरीही निःपक्षपाती सल्ला देणं आमचं कर्तव्य आहे.

आधी किंमत बघू. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसराचा रस्ता बंद केला. तिथल्या श्रीमंतांच्या गाड्या मग ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन परराज्यांत निघाल्या. अशी गाडी स्वस्तात मिळते हे खरं. पण उतरते ती गाडीची किंमत, तिच्या हेडलाइटची नाही. ईकोचा हेडलाइट फुटला तर महाडात बदलून मिळतो. सेडानचा फुटला की आधी मुंबईला फोन, मग बँकेला.

जुनी गाडी पारखण्यात मात्र महाडकराचा हात कोणी धरणार नाही. जुलै 2021 च्या पुरानंतर इथल्या पोरालासुद्धा कळतं की आधी कार्पेट उचलायचं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा आणि गाळाचा वास घ्यायचा. बुडालेली गाडी विकायला एजंटाने कुठेही जावं, महाड-पोलादपूरला येऊ नये.

आता रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. खड्डा चुकवायचा तर आधी रस्ता सापडावा लागतो. त्यात अनेक बीएमडब्ल्यूंना स्टेपनीच नसते, पंक्चर झालं तरी टायर काही अंतर चालतो अशी कंपनीची व्यवस्था असते. हे ‘काही अंतर’ माणगाव ते महाड आहे की कसं, हे जर्मनीत बसून ठरलेलं आहे. ईकोला स्टेपनी असते. मात्र तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. घाट चढताना ड्रायव्हरला सवचं कुंड बसल्या जागी मिळतं, तेही आंघोळ न करता.

इथवर ईको पुढे आहे. पण खरा निकाल लागतो तो सीटांवर.

ईको दारात उभी राहिली की ती तुमची राहत नाही. पहाटे कुणाला कळा सुरू होतात, कुणाला एसटी चुकल्यामुळे बिरवाडीच्या कंपनीत सोडायचं असतं, कुणाची तांदळाची पोती असतात. गणपती आणायला ईको, लग्नात वऱ्हाड न्यायला ईको, आणि सरकतं दार मोठं म्हणून आजारी म्हाताऱ्याला आडवं घालून न्यायलाही ईकोच. मालकाला स्वतःच्या गाडीत जागा मिळत नाही, तो मागून मिनीडोरने येतो. पेट्रोलचे पैसे विचारले तर भावकी दुखावते.

सेडानचं तसं नाही. तिची मागची मधली सीट अशी उंचवट्यावर असते की एकदा बसलेला पाहुणा पुन्हा मागत नाही. पोती कोणी सुचवत नाही, बाळंतीण कोणी चढवत नाही. पावसाळ्यात पाखाडीच्या तोंडाशी ती ताडपत्रीखाली उभी असते आणि लोक वळसा घालून जातात. तिच्यामुळे कुणाचं काही काम होत नाही, म्हणून तिच्या मालकाला कुणी नाव ठेवत नाही. ईकोवाल्याने शंभर फेऱ्या मारून एक नाकारली, तर गावात चर्चा त्या एकीचीच. सेडानवाला मात्र ‘शेठ’.

तेव्हा आमचा सल्ला स्पष्ट आहे. नुसतं राहायचं असेल तर ईको घ्या. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर सेडान घ्या, फॉर्म भरायला तिच्यातून उतरा, आणि मतदानाच्या दिवशी, आचारसंहितेला कळू न देता, माणसं आणायला भावाची ईको मागा.