जेवल्यावाचून खरं नाही

ऐकलेली गोष्ट पुरती पटली नाही, की इंग्रज माणूस ती मिठाच्या कणासोबत घेतो. हे मीठ बहुधा प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराकडचं, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. दोन सुके अक्रोड, दोन अंजिरं, सताबाची वीस पानं कुटायची, वर मिठाचा एक कण टाकायचा आणि उपाशीपोटी घ्यायचं. दिवसभर विष बाधत नाही. विषावरचा उतारा पुढे थापांवरही चालला, याचं मला नवल वाटत नाही.

आमच्या आटगावाकडे मात्र एका कणानं भागायचं नाही. तानसा तलाव याच बाजूला. धरण १८९२चं, तेव्हापासून मुंबईला पाणी पाजतंय. पुढे भातसाही त्याच कामाला लागलं. आणि वैशाख आला की याच शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहत बसतात. म्हणून ‘यंदा पाणी येणार’ हे इथं कसं ऐकलं जातं, ते पाहण्यासारखं असतं. कुणी वाद घालत नाही. फाइल घेऊन आलेल्या साहेबाला खाट टाकून देतात, कोरा चहा देतात, ‘होईल की’ म्हणतात आणि तो वळला की हंडे उचलतात. इतका सभ्य अविश्वास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

एका पाड्यावर अंगणात नवाकोरा नळ उभा होता, वरातीत चुकून लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखा. तोटीला करवंदांची पिशवी अडकवलेली. घरातली आजी रोज पहाटे पिशवी काढायची, तोटी फिरवायची, आतली कोरडी फुस्स ऐकायची आणि तोटी पुन्हा घट्ट बंद करायची. पाणी वाया जाऊ नये म्हणून!

‘‘आजी, येईल का हो पाणी?’’

‘‘लबाडाघरचं आवतण, बाबा. जेवल्यावाचून खरं नाही.’’

‘‘मग रोज उघडता कशाला?’’

‘‘आलं आणि आपणच उघडलं नाही, तर?’’

यावर प्लिनीकडेही औषध नसावं.

आमची मुरबाडची मावशी याच जातकुळीतली. कल्याण-मुरबाड रेल्वे येणार, येणार, हे ऐकता ऐकता तिचे केस पांढरे झाले. तरी घराचा पत्ता सांगताना ती अजून म्हणते, ‘‘स्टेशन झालं की तिथून चालतच ये.’’ तुम्हाला मुरबाडला जायचं असेल, तर तूर्त कल्याणहून एसटी धरा.