शेवटचे ‘नाही’ पोहोचेपर्यंत

हातात मावणारा बिनतारी संच, ज्याला वर्धा जिल्ह्यात गस्तीवरच्या वनरक्षकापासून बंदोबस्तावरच्या हवालदारापर्यंत सगळे ‘वॉकीटॉकी’, ‘वायरलेस’ किंवा नुसते ‘सेट’ म्हणतात, तो बोलण्यासाठी बनवलेला असतो असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते एका वेळी एकालाच बोलू देणारे आणि उरलेल्या सर्वांना सक्तीने गप्प बसवणारे यंत्र आहे. दूरध्वनीवर दोघांना एकाच वेळी बोलता येते आणि त्यामुळे नीट भांडताही येते. सेटवर मात्र भांडणसुद्धा पाळीपाळीने करावे लागते, कारण येणारा आणि जाणारा आवाज लहरींच्या एकाच वाटेने चालतो. बाजूचे ‘पीटीटी’, म्हणजे ‘दाबा आणि बोला’ या नावाचे बटण दाबले की माणूस वक्ता होतो आणि त्याच क्षणी ठार बहिराही होतो. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघेही मनसोक्त बोलतात, कोणीही ऐकत नाही, आणि आपले म्हणणे समोरच्याला पटले असे दोघांनाही वाटते. ग्रामसभेला नियमाने जाणाऱ्या वाचकाला हे तत्त्व याहून अधिक समजावण्याची गरज नसावी.

या यंत्राचे नावही उसनवारीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी मोटोरोला कंपनीने जे संच बनवले त्यांतला पाठीवर बांधायचा, सुमारे १६ किलो वजनाचा संच तो ‘वॉकीटॉकी’, आणि हातात धरायचा, सव्वादोन किलोंच्या आसपासचा संच तो ‘हँडीटॉकी’. पुढे पाठीवरचा संच गेला, हातातला राहिला, आणि धाकट्याला थोरल्याचे नाव चिकटले. मराठीतल्या ‘बिनतारी’ या शब्दाची गंमत आणखी वेगळी, कारण या बिनतारी वस्तूला दर संध्याकाळी तारेला जोडल्याशिवाय दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून अक्षर फुटत नाही.

बॅटरी किती वेळ चालेल हे सांगताना कंपन्या पाच-पाच-नव्वद असे प्रमाण धरतात, म्हणजे शंभरातला पाच हिस्से वेळ बोलण्यात, पाच हिस्से ऐकण्यात आणि नव्वद हिस्से गप्प राहून वाट पाहण्यात जाईल असे गृहीत धरतात. आठ तासांच्या पाळीचा हिशेब केला तर बोलायला २४ मिनिटे, ऐकायला २४ मिनिटे आणि मौनाला ७ तास १२ मिनिटे येतात. ज्या जिल्ह्यात सेवाग्रामला दर सोमवारी गांधीजींचे मौन असे आणि पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून पूर्ण एक वर्ष मौन पाळले, त्या जिल्ह्याला हा हिशेब अवघड वाटू नये. परंतु त्याच जिल्ह्यात पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जाईपर्यंत शेजाऱ्याच्या तीन पिढ्यांचा समाचार घेण्याचीही परंपरा आहे, आणि सेट ज्याच्या हाती पडतो तो बहुधा दुसऱ्या परंपरेतला असतो. बोलताना सेट गप्प असतानाच्या तुलनेत वीसेक पट वीज खातो, त्यामुळे ‘काहून बे, जेवला का?’ या एका चौकशीची किंमत बॅटरीला बराच वेळ मोजावी लागते.

चार्जिंगचे शास्त्र सोपे आहे, त्याभोवतीचे कर्मकांड मात्र जुने आहे. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना ‘स्मृती-परिणाम’ नावाची व्याधी होती, म्हणजे त्या अर्ध्याच उतरलेल्या असताना वारंवार चार्जिंगला लावल्या तर पुढे त्या अर्ध्यावरच दम टाकत. ज्याला रोज अर्धीच भाकर वाढली त्याची भूकच अर्धी व्हावी, तसे. म्हणून ‘पूर्ण उतरू द्या, मगच लावा’ असा नियम झाला. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला ही व्याधी नाही, उलट तिला तळापर्यंत उतरवणे सोसत नाही; पण बॅटरी बदलली तरी रीत बदलली नाही, आणि नवी बॅटरी जुन्या बॅटरीच्या आजाराचे पथ्य पाळत बसते. सेट बंद करूनच चार्जरच्या कपात ठेवावा, हा नियम मात्र खरा आहे आणि म्हणूनच तो कोणी पाळत नाही. लाल दिवा म्हणजे चार्जिंग चालू आणि हिरवा म्हणजे पूर्ण, असे माहितीपत्रक सांगते. पुष्कळ स्वस्त चार्जरांचा हिरवा दिवा कप रिकामा असतानाही लागतो, हे ते सांगत नाही. बॅटरीच्या पितळी ठिपक्यांवर घामाचा आणि धुळीचा थर बसला की सेट रात्रभर कपात बसून सकाळी उपाशीच उठतो, आणि त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे शाळेच्या दप्तरातले खोडरबर, ज्याने ते ठिपके हलक्या हाताने घासून घ्यावेत.

वर्ध्याची खरी अडचण उन्हाची आहे. लिथियम बॅटरी सर्वसाधारणपणे शून्य ते ४५ अंश तापमानात चार्ज करावी असे बनवणारे सांगतात, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वर्ध्याचा पारा या मर्यादेशी थेट झोंबाझोंबी करतो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत तर तो कधीच पलीकडे गेलेला असतो. चांगला चार्जर अशा वेळी स्वतःच काम थांबवतो, ज्याचा अर्थ वापरणारा ‘बिघडला’ असा लावतो, वास्तविक दुपारी एक ते चार या वेळेत काम न करणारा तो जिल्ह्यातला एकमेव नसतो. चार्जिंग पहाटे करावे, आणि सेट मोटारसायकलच्या टाकीवर वाळवणासारखा ठेवू नये.

सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे, बोर नदीवरच्या धरणाभोवती बोर अभयारण्य आहे, जे १९७० साली घोषित झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. गाभ्याचे क्षेत्र १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे ते देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत गणले जाते. सेटच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि सपाट उघड्या माळावर माणसाच्या उंचीवरून फार तर दहाएक किलोमीटर पोहोचतात; जंगलात टेकडी, नाला आणि ओली पाने यांनी हे अंतर बरेच घटते, म्हणून उंच जागी ‘रिपीटर’ बसवतात, जो एका वारंवारतेवर ऐकलेले दुसऱ्या वारंवारतेवर जसेच्या तसे पुन्हा सांगतो. गावात हे काम करणारी माणसे असतात, पण ती जसेच्या तसे सांगत नाहीत. सागाची मोठी पाने पावसाळ्यात आवाज अडवतात आणि उन्हाळ्यात गळून वाट मोकळी करतात, म्हणजे बॅटरी धड असते तेव्हा पाने आडवी येतात आणि पाने बाजूला होतात तेव्हा बॅटरी तापते. या दोहोंमध्ये जे थोडे दिवस उरतात त्यांत सेट माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे चालतो.

परंतु या यंत्राची सर्वांत मोठी परीक्षा विजेची नाही, व्याकरणाची आहे. बटण दाबल्यावर लहर सुटायला क्षणाचा काही भाग जातो, आणि घाईने बोलणाऱ्याचे पहिले अक्षर त्यात गळते. बोलून संपण्याआधी अंगठा उचलला तर शेवटचा शब्द गळतो. आता मराठीत संस्कृतातून आलेला नकार शब्दाच्या आरंभी बसतो आणि अस्सल मराठी नकार वाक्याच्या शेवटी, म्हणजे दोन्ही नकार नेमके धोक्याच्या जागी. ‘अशक्य’ असे सांगितले की पलीकडे ‘शक्य’ पोहोचते, आणि ‘असुरक्षित’ वाटेत सुरक्षित होते. ‘वाघ दिसला नाही’ हे वाक्य अंगठ्याच्या एका चुकीने ‘वाघ दिसला’ होते, आणि ‘गाडी आत सोडू नका’ यातले ‘नका’ गेले की उरलेल्या ‘गाडी आत सोडू’ला नाक्यावरचा माणूस प्रश्न समजून ‘सोडा’ असे उत्तर देतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या मधोमध येतो, त्यामुळे हे यंत्र ज्यांनी बनवले त्यांना ही विपत्ती सुचली नसावी. आकड्यांचेही तसेच: वनखंडाचा क्रमांक ‘एकोणसाठ’ की ‘एकोणसत्तर’ हे खरखरीतून कळत नाही, म्हणून ‘पाच-नऊ’ असे सुटे आकडे सांगावे लागतात, अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी आंतरराष्ट्रीय बाराखडी आहे, जरी ‘क कमळाचा’ शिकलेल्या माणसाला ही कल्पना नवी वाटू नये.

या संकटावर जगाने काढलेला उपाय म्हणजे बोलणे संपताना ‘ओव्हर’ म्हणणे, अर्थात ‘माझे झाले, आता तुम्ही बोला’; ‘आउट’ म्हणजे संभाषणच संपले, आणि म्हणून चित्रपटांत ऐकू येणारे ‘ओव्हर अँड आउट’ हे ‘बसा, आणि निघा’ म्हणण्यासारखे आहे. वर्ध्याच्या बोलीत मात्र हा उपाय सेट येण्याच्या फार आधीपासून तयार होता. येथला माणूस साहेबांना ‘दिसला नाही’ असे तोडून सांगत नाही, तो ‘नाही दिसला जी’ किंवा ‘दिसला नाही ना जी’ म्हणतो, आणि अंगठा लवकर उचलला गेलाच तर गळते ते ‘जी’, नकार शाबूत राहतो. जवळच्या माणसाशी बोलताना ‘नाही ना बाप्पा’ म्हटले की आणखी दोन अक्षरांची भिंत मिळते. पुण्याकडचा तुटक, पूर्णविरामासह उच्चारलेला नकार सभेत कितीही भारदस्त वाटला तरी बिनतारी संचासाठी तो सर्वस्वी निरुपयोगी आहे. आदरार्थी शब्द तांत्रिक कारणासाठीही वापरता येतो, याचा एवढा स्वच्छ पुरावा अन्यत्र सापडणे कठीण.

म्हणून बोरधरणच्या फाटकातून आत शिरलेल्या जिप्सीत बसलेल्या वाचकाला एकच विनंती आहे. पुढच्या वळणावरून कोणाच्या सेटमधून ‘वाघ दिसला’ एवढे शब्द ऐकू आले तर त्याने कॅमेऱ्याचे झाकण लगेच काढू नये, घटकाभर थांबावे. एक शब्द अजून मागे राहिला असण्याची शक्यता आहे.