रात्रभर चालू

उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचं एकमत होतं. एरवी एकमेकींकडे न बघणाऱ्या या दोन मोजपट्ट्या या एका तापमानाला एकच आकडा दाखवतात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनमध्ये मात्र नेमक्या याच आकड्याला माणसांचं एकमत संपतं. ज्यांच्या दारात डिझेलची गाडी उभी असते ते संध्याकाळी कानटोपीतून डोकं बाहेर काढतात, आभाळाकडे बघतात आणि विचारात पडतात: आज इंजिन बंद करायचं, की सकाळपर्यंत घुरघुरत ठेवायचं?

महाराष्ट्रातून इथे आलेल्याला हा प्रश्नच मुळात पटत नाही. आपण घाटाच्या उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणाऱ्यांच्या कुळातले. सिग्नलचा आकडा साठच्या वर दिसला की आपला हात आपसूक चावीकडे जातो. गाडी एका जागी उभी आहे, आत कुणी नाही आणि इंजिन रात्रभर चालू आहे, ही कल्पनाच घामाच्या पैशाचा अपमान वाटते. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर मी हा सगळा प्रकार समजावून सांगितला. तिने डिझेलचा भाव विचारला नाही की प्रदूषणाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, "आणि चावी गाडीतच?" तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण अल्बर्टातले पोलीस हिवाळ्यात हेच बजावत असतात. चालू ठेवलेली गाडी म्हणजे चोराला आयतं वाढलेलं पान, तेही गरमागरम.

पण बंद करणाराही सुखाने झोपत नाही, आणि त्याला कारण आहे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेलची सगळी करामत हवा दाबण्यात होती. हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानेच तापते, मग तिच्यात इंधन फवारायचं, की पेट घेतंच. आता इंजिनाचा ठोकळाच उणे चाळीसला गारठलेला असेल, तर दाबून कमावलेली ऊब तो बसल्या जागी गिळून टाकतो. ऑइल घट्ट झालेलं, त्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. आणि तो जोर जिच्याकडून यायचा त्या बॅटरीचं निम्म्याहून अधिक बळ थंडीने आधीच पळवलेलं असतं.

शिवाय खुद्द डिझेल. त्यात मेण असतं. थंडीत त्याचे कण धरतात, आधी इंधन गढूळ दिसतं, मग फिल्टर तुंबतो. पुण्यातल्या डिसेंबरात खोबरेल तेलाच्या निळ्या बाटलीचं जे होतं, तेच. फरक इतकाच की बाटली उन्हात ठेवता येते आणि इथल्या उन्हात ठेवल्यावर ऊनच थिजेल की काय असं वाटतं. म्हणून पंपावर हिवाळ्यात वेगळं, थंडीतलं डिझेल मिळतं. लडाखमध्ये इंडियन ऑइलने 2019 च्या नोव्हेंबरात असंच डिझेल आणलं, उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं.

आमच्या गल्लीत दोन पंथ आहेत. समोरचे पाजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. त्यांचं मत सुटसुटीत: "इंजन बंद किया तो सवेरा भी बंद." कडेचे आजोबा आयुष्यभर शेती केलेले. त्यांच्या मते रात्रभर इंजिन चालू ठेवणारा माणूस गाडीला नव्हे, स्वतःच्या भीतीला ऊब देत असतो. दोघे एकमेकांशी अत्यंत प्रेमाने वागतात आणि एकमेकांच्या गाड्यांकडे अत्यंत दयेने बघतात.

मला आजोबांचं म्हणणं पटतं, आणि ते केवळ काटकसरीपोटी नाही. मोठ्या ट्रकचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला साधारण तीन लिटर डिझेल पितं. रात्रीच्या दहा तासांचे तीस लिटर झाले. बरं, इतकं पिऊन ते तापावं, तर तेही नाही. डिझेल इंजिन काम नसलं की फार कमी उष्णता देतं. कडाक्याच्या थंडीत तर चालू असूनही ते हळूहळू गार होत जातं. अर्धवट जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, काजळी साचते, धुराचा फिल्टर कोंदतो. म्हणून जाणकार लोक गाडीची पुढची जाळी झाकतात आणि इंजिनाचे फेरे वाढवून ठेवतात. म्हणजे झोपलेल्या गाडीला रात्रभर जागच्या जागी पळायला लावायचं. मालकही दर दोन तासांनी खिडकीशी जाऊन आवाज ऐकणार. घरात लहान मूल नसल्याची उणीव भरून निघते.

याला उतारा आहे तो ब्लॉक हीटर. इथल्या गाड्यांच्या नाकातून एक प्लग लोंबत असतो. नवख्या पाहुण्याला सगळं शहर विजेवर चालतं असं वाटावं. वायर भिंतीतल्या सॉकेटला लावली की इंजिनातलं कूलंट तापतं. टायमर लावून निघायच्या दोनेक तास आधी सुरू केला तरी पुरतो.

हा वाद मिटला असं वाटत असतानाच 13 जानेवारी 2024 ची संध्याकाळ आली. पारा उणे चाळिशीच्याही खाली, आणि अल्बर्टाभर सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडले: वीज कमी पडते आहे, अनावश्यक दिवे बंद करा, आणि ब्लॉक हीटर लावणंही जरा लांबवा. लोकांनी खरोखर बटणं बंद केली, काही मिनिटांतच विजेची मागणी उतरली आणि वीजपुरवठा टिकला. आजोबा निमूटपणे वायर काढायला बाहेर आले, तेव्हा समोर पाजींचा ट्रक निवांत घुरघुरत होता. पाजी काही बोलले नाहीत. त्यांनी चहा आणला, हा त्यांचा मोठेपणा.

पाजींवर अन्याय नको. हायवेवर, सॉकेट नसलेल्या जागी, ट्रकच्या केबिनमध्ये झोपणाऱ्याला इंजिन बंद करणं परवडत नाही. तिथे प्रश्न सकाळच्या स्टार्टचा नसतो, रात्र निभावण्याचा असतो. हल्ली केबिनपुरता छोटा डिझेल हीटर मिळतो, तो अगदी थोडं पितो. पाजींनी तो बसवून घेतला आहे. घरासमोर मात्र सवय सुटत नाही.

तेव्हा माझा कौल असा. दारात सॉकेट असेल तर इंजिन बंद करा आणि वायर लावा. सॉकेट नसेल तर चालू ठेवा, फेरे वाढवून आणि जाळी झाकून. घराला लागून असलेल्या गॅरेजात मात्र मिनिटभरही चालू ठेवू नका, त्या धुरात जीव जातो. आणि सकाळी निघताना प्लग आठवणीने काढा. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी पिवळी वायर शेपटीसारखी ओढत ऑफिसला पोचतंच.