बुरखा आणि बारनिशी

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात तलाठ्याकडे निनावी अर्ज गेला, तर तो कोणाच्या हातचा हे वेलांटीच्या वळणावरून दुपारच्या चहापर्यंत ठरते. परंतु टॉर अथवा व्हीपीएन या, इंटरनेटवरील ठावठिकाणा लपविणाऱ्या साधनांचा बुरखा पांघरणाऱ्या अर्वाचीन अर्जदाराची, आपण साक्षात अदृश्य झालो, अशी दृढ श्रद्धा असते. डिसेंबर २०१३ मध्ये परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी धाडणाऱ्या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने बुरखा यथासांग पांघरला, पण विद्यापीठाच्याच वाय-फायवर. सबब त्या घटकेस त्या वाय-फायवरून टॉर वापरणारे कोण, एवढाच सवाल उरला, आणि जबाब खुद्द त्यानेच दिला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही फेब्रुवारी २०२५ मध्ये, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांची गाडी उडविण्याच्या धमकीच्या ईमेलचा माग काढीत मुंबईचे पोलीस थेट देऊळगाव मही येथे पोहोचले व दोघा संशयितांस घेऊन गेले. (सहीशिक्क्यानिशी धाडलेला रस्त्याचा अर्ज ज्या सरकारच्या बारनिशीत वर्षानुवर्षे सापडत नाही, त्याच सरकारची ही तत्परता!) त्यातच एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने, व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची नावनिशी पाच वर्षे दप्तरी ठेवावी, असे फर्मान काढले, तेव्हा बुरखे विकणाऱ्या कित्येक विदेशी कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर गुंडाळून ग्राहकांच्या आधी स्वतःच पोबारा केला.