उट्रेक्टला जाण्याआधी सात-बारा काढून ठेवा

परदेशातल्या समर स्कूलला जायचं ठरलं की पहिली पायरी म्हणजे गप्प बसणं. निवडीचा ईमेल आला तरी व्हिसा हातात पडेपर्यंत जालन्याच्या मंठा चौफुलीवर फ्लेक्स लागता कामा नये. निवड झाली आणि व्हिसा नाकारला, असं युरोपात रोज कुणाचं तरी होत असेल, पण तिथे त्या माणसाच्या गॉगलमधल्या फोटोखाली तेवीस शुभेच्छुकांची नावं छापलेली नसतात.

शाळा निवडताना गोंधळ होतो. आपण नेदरलँड्सचं उट्रेक्ट धरून चालू. तिथली समर स्कूल 1987 पासून भरते आणि दर वर्षी दोनशेहून जास्त कोर्स असतात, त्यामुळे आपल्याला काहीच जमत नाही असं म्हणायची सोय उरत नाही. मात्र ज्या ईमेलची सुरुवात ‘आदरणीय थोर विद्वान’ अशी असते आणि वर्ग एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये भरणार असतात, ती शाळा सोडून द्या. तुमचं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अजून निघायचंय. थोर विद्वान कोण?

अर्जासोबत मोटिव्हेशन लेटर लागतं. ‘मला लहानपणापासून ज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य जगातल्या सगळ्या अर्जदारांनी वापरून संपवलंय. जालन्याच्या पोराकडे त्याहून बरा माल आहे. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये याच गावात महिको सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. डच लोकांचा बियाण्यांचा व्यापार जगभर चालतो, त्यामुळे ‘मी बियाण्यांच्या गावातून येतो’ एवढं त्यांना बरोबर कळतं. गावातल्या सळईच्या कारखान्यांबद्दल एक ओळ पुरे.

आता खरा अभ्यासक्रम सुरू होतो, तो म्हणजे पैशांची कागदपत्रं. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. एवढं कुणीही भरेल. अडतं पुढे. खर्च कोण करणार? वडील. वडिलांचं इन्कम टॅक्स रिटर्न? शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून रिटर्नही कधी भरलेलं नाही. मग सात-बारा जोडायचा. तो मराठीत असतो, म्हणून त्याचं भाषांतर करून घ्यायचं. भाषांतरकार मन लावून काम करतो आणि ‘इतर हक्क’मधला सोसायटीचा बोजाही तितक्याच निष्ठेने इंग्रजीत उतरवतो. आता वकिलातीतल्या साहेबाला कळतं की या माणसाकडे सहा एकर, एक विहीर आणि पीककर्ज आहे. त्याला विहीर आवडते की कर्ज खटकतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

बँकेचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागतात. इथे पिकाची निवड महत्त्वाची. कापूस आणि सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या मागेपुढे येतात आणि संक्रांतीपर्यंत देणेकऱ्यांकडे पोचतात. मे महिन्यात अर्ज करणाऱ्याच्या घरच्या खात्यात मग उरतं ते किमान शिल्लक न ठेवल्याबद्दलचा दंड. याउलट ज्यांनी मोसंबीचा मृग बहार धरलाय, त्यांचा माल मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि खातं नेमकं व्हिसाच्या वेळेला टवटवीत दिसतं. तेव्हा समर स्कूलचा विचार आधीच्या पावसाळ्यात, बागेत उभं राहून करावा. मामाकडून चार लाख आणून आठ दिवसांसाठी खात्यात ठेवायचा उपाय सगळे सुचवतील. तो करू नका. अशी अचानक आलेली रक्कम तिथल्या माणसाला सर्वात आधी दिसते.

शासनाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीकडे डोळे लावू नका, ती पूर्ण पदवीसाठी आहे. समर स्कूलची स्वतःची थोडीफार सवलत असते. विचारायला लाजू नये.

नावाचं एक निस्तरून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग तुम्ही, मग वडील. पासपोर्टवर वेगळा क्रम. या गडबडीत गळ्यातल्या बिल्ल्यावर वडिलांचं नाव छापून येण्याची शक्यता बरीच असते, आणि मग दोन आठवडे ब्राझीलची मुलगी तुम्हाला ‘हाय, ज्ञानोबा’ म्हणत राहते. घरी सांगू नका, वडील खूश होतील.

व्हिसाच्या कामासाठी मुंबईला जायला देवगिरी एक्सप्रेस बरी, सकाळी उतरवते. वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला जालन्यातूनच सुरू झाली होती, तेव्हा रिकाम्या डब्यात ऐटीत बसता यायचं. आता ती नांदेडहून भरून येते. असो.

बॅग भरताना आईशी वाद होईल, तो नियम दाखवून जिंका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि साजूक तूप बाद. फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यातून सूट मिळालेल्या चार-पाच फळांत केळी आहे आणि मोसंबी नाही. 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालेली आपली मोसंबी अडणार आणि जळगावचं केळं मजेत आत जाणार, हा अपमान मुकाट्याने गिळावा. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर न्या. येसरच्या पुडीवर इंग्रजीत नाव लिहा. विमानतळावर बिनानावाची तपकिरी पूड समजावून सांगायला लागणारं इंग्रजी कोणत्याच कोर्सात शिकवत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी ओळखपरेड होते. ‘जालना मुंबईजवळ आहे’ असं ठोकून देऊ नका. मधे चारशे किलोमीटर आहेत. उट्रेक्टहून तेवढं गेलं तर बेल्जियम मागे पडून फ्रान्स लागतो. शहरातून भरलेले कालवे वाहतात, ते बघावेत, फोटो काढावेत. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे यजमानांना विचारू नये. स्टेशनखाली 12,500 सायकलींचा तळ आहे. आपली सायकल कोणत्या रांगेत लावली त्याचा फोटो काढला नाही, तर परतीचं विमान चुकेल.

वर्गात प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. आपल्या तोंडून ‘सर’ निघणारच, निघू द्या. पण ते ‘काही प्रश्न?’ म्हणाले की सगळ्यांची नजर तुमच्याकडे वळेपर्यंत वहीत डोकं घालून बसू नका. तिथे हा प्रश्न खरोखर विचारलेला असतो.

जुलैत तिथे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आई रात्री दहाला फोन करेल तेव्हा तिथे साडेसहा वाजलेले असतील, आणि खिडकीतलं लख्ख ऊन पाहून ती विचारेल, ‘शाळा बुडवून खोलीवर काय करायलास?’ पडदा ओढूनच फोन उचला.

शेवटी प्रमाणपत्र. आठवड्याला साधारण दीड युरोपीय क्रेडिट, आणि ते बहुतेकदा ईमेलने येतं. इकडे कॉलेज जूनमध्येच सुरू झालेलं असतं, त्यामुळे बुडलेल्या हजेरीसाठी ते ऑफिसात दाखवावं लागतं. खिडकीतला बाबू ते उलटंपालटं करून बघेल आणि म्हणेल, ‘यावर शिक्का कुठंय?’ म्हणून निघण्याआधी त्याची प्रिंट काढून समन्वयक बाईंकडे न्या आणि शिक्का मागा. त्या गोंधळतील, दोन कपाटं उघडतील, कदाचित ग्रंथालयाचा आणतील. तो चालेल. फक्त गोल पाहिजे.